फोनला खटका हवा

आपल्या बैठकांमध्ये गेल्या काही वर्षांत एक पद्धत रुळली आहे. चर्चा जरा नाजूक वळणावर आली की कुणीतरी म्हणते, "फोन बाहेर ठेवा." मग एक कापडी पिशवी फिरते, सगळे आपापले फोन त्यात टाकतात आणि पिशवी शेजारच्या खोलीत जाते. काही ठिकाणी फोन स्टीलच्या डब्यात ठेवतात. काही जण फोन सायलेंट करून उलटा ठेवतात आणि निर्धास्त होतात. यातले काय उपयोगाचे आणि काय नुसते मनाचे समाधान, हे फारसे कुणी तपासून पाहत नाही. पण पिशवी फिरवणाऱ्यांनी एक गोष्ट अचूक ओळखलेली असते: फोनचा माइक बंद आहे याची खात्री करून घेण्याचा कोणताही मार्ग फोनच्या मालकाकडे नाही. ही खात्री देणारा एक साधा, स्वस्त भाग विजेच्या कामात शंभर वर्षांपासून वापरात आहे. त्याला आपण खटका म्हणतो. तो फोनमध्ये का नाही आणि तो मागण्याचा नागरिकांना हक्क का असावा, याबद्दल हे संपादकीय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "ट्रॅक्टरबद्दल नुसते बोललो आणि फोनवर ट्रॅक्टरची जाहिरात आली" हे वाक्य किल्लारीपासून पुण्यापर्यंत ऐकू येते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप माइक चालू करून बोलणे बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना सापडले नाही. काही ॲप मात्र फोनच्या पडद्याची चित्रे परस्पर तिसऱ्याच कंपनीला पाठवत होती. जाहिरातीला तुमचा आवाज लागतच नाही. तुम्ही काय शोधले, कुठे गेलात, कुणाच्या वायफायवर बसलात, एवढ्यावर तिचे भागते.

भीतीचे दुसरे कारण मात्र खरे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर दावा लावला आणि जगभरातल्या सुमारे १,४०० जणांना कळवले की तुमच्या फोनवर पेगॅसस नावाचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर घालण्याचा प्रयत्न झाला होता. असा संदेश आल्याचे जाहीरपणे सांगणाऱ्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते, डॉ. आनंद तेलतुंबडे होते. त्या हल्ल्यात एक व्हिडिओ कॉल येई. तो उचलण्याचीही गरज नसे. पेगॅसस एकदा आत शिरले की फोनचा माइक आणि कॅमेरा मालकाच्या नकळत चालू करता येतो. पुढे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. समितीने २९ फोन तपासले. त्यातल्या पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच होते असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही, अशी नोंद न्यायालयात झाली. अमेरिकेत मात्र खटला चालला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने एनएसओला जबाबदार धरले. ज्यांच्या फोनवर हल्ला झाला त्यांतले काही इथले, आणि निकाल सातासमुद्रापार, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

आता विजेकडे येऊ. स्टार्टरचे लाल बटण दाबून मोटार बंद केली आणि लगेच तिच्या वायरीला हात घातला, असे शहाणा शेतकरी करत नाही. स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असेल तर गेलेली लाइट परत येताच मोटार आपोआप सुरू होते. म्हणून तो आधी किटकॅट काढतो आणि खिशात घालतो, मगच काम. लाइनमनही खांबावर चढण्याआधी डीओ पाडतो. सबस्टेशनवरून फोनवर मिळालेल्या "लाइन बंद केली" या शब्दावर तो एकट्यावर जीव टाकत नाही. बटण म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी केलेली विनंती: "बाबा रे, बंद कर." किटकॅट काढणे म्हणजे मधला रस्ताच काढून टाकणे. मग कुणी हो म्हणो की नाही म्हणो, वीज यायला वाट नसते.

आपल्या फोनवरचे प्रत्येक बटण हे पहिल्या प्रकारचे आहे. आवाज कमीजास्त करायचे बटण, आयफोनच्या बाजूला अनेक वर्षे असलेली रिंग-सायलेंटची सरकती कळ, वनप्लसच्या फोनवरची तसलीच कळ, ही सगळी हाताला कठीण लागतात म्हणून खटक्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात ती सॉफ्टवेअरला फक्त निरोप देतात. त्या निरोपाचे काय करायचे ते सॉफ्टवेअर ठरवते. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या पट्टीत कॅमेरा आणि माइक बंद करण्याची दोन चौकोनी बटणे मिळाली. ती चांगली सोय आहे. ती दाबली की ॲपला काळा पडदा आणि शांतता मिळते. पण ही अडवणूक करणारा राखणदार म्हणजे अँड्रॉइड स्वतः, आणि पेगॅसससारखे सॉफ्टवेअर शिरते ते थेट त्या राखणदाराच्याच खुर्चीत बसते.

"मग फोनच बंद करा" हा उपायही वाटतो तितका पक्का नाही. बंद करण्यासाठी आपण बटण धरून ठेवतो, पडद्यावर चक्र फिरते, पडदा काळा होतो. हे सगळे सॉफ्टवेअरने रंगवलेले चित्र आहे. जानेवारी २०२२ मध्ये झेकऑप्स या सुरक्षा कंपनीने आयफोनवर हे करून दाखवले: फोन बंद झाल्याचा हुबेहूब देखावा, आणि आत कॅमेरा व माइक चालू. जुन्या नोकियाची पाठ उघडून बॅटरी काढता येत होती, तेव्हा प्रत्येकाकडे एक किटकॅट होता असे म्हणायला हरकत नाही. तो काढून घेतला गेला तेव्हा कुणी तक्रार केली नाही, कारण बदल्यात फोन पातळ झाला. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतील अशा बॅटऱ्या देण्याचा नियम केला आहे. त्यामागचे कारण कचरा कमी करणे हे आहे, खासगीपणा नव्हे. नियमाला अपवादही आहेत. तरी दिशा बरी आहे.

कॅमेऱ्याशेजारच्या दिव्याची गोष्ट तर प्रत्येक इंजिनिअरने वाचावी अशी आहे. जुन्या मॅकबुकमध्ये कॅमेऱ्याचा हिरवा दिवा सॉफ्टवेअरच्या ताब्यात नव्हता, तो थेट तारेने जोडलेला होता. त्यामुळे कॅमेरा चालू आणि दिवा बंद हे अशक्यच, असे सगळे धरून चालले. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ब्रॉकर आणि चेकोवे या दोघांनी ते शक्य करून दाखवले. दिव्याची तार कॅमेऱ्याच्या चिपला "झोप" असे सांगणाऱ्या तारेशी जोडलेली होती: झोपेचा इशारा आला की दिवा विझायचा. या दोघांनी कॅमेऱ्यातल्या छोट्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम बदलला आणि चिपला झोपेचा इशारा पाळू नकोस असे शिकवले. इशारा चालू, दिवा विझलेला, कॅमेरा जागा. तार खरी होती, पण ती चुकीच्या जागी लावलेली होती.

म्हणून नुसते "खटका आहे" हे ऐकून थांबू नये. तो नेमके काय तोडतो हे विचारावे. पाइनफोन नावाचा एक फोन २०२० पासून विकला जातो. सुरुवातीची किंमत १५० डॉलरच्या आसपास होती. त्याचे मागचे झाकण उघडले की सहा इवलेसे खटके दिसतात, पेनच्या टोकाने सरकवायचे: मोबाइल नेटवर्कचा मॉडेम, वायफाय व ब्लूटूथ, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा आणि हेडफोनची खाच. कंपनीने सर्किटची आकृती खुली ठेवली आहे, त्यामुळे कुणालाही पाहता येते. माइकचा खटका माइकला मिळणारा विजेचा दाबच तोडतो. मॉडेमचा खटका त्याच्या वीजपुरवठ्याच्या वाटेवरचा ट्रान्झिस्टर बंद करतो. कॅमेऱ्यांचे खटके मात्र वीज तोडत नाहीत, ते कॅमेऱ्याच्या चिपला झोपेचा इशारा देऊन ठेवतात. तो इशारा हाताच्या खटक्याने दिलेला असतो, सॉफ्टवेअरला तो मागे घेता येत नाही, हा मोठाच फरक. तरी मॅकबुकची गोष्ट माहीत असलेल्याला माइकचा खटका कॅमेऱ्याच्या खटक्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटेल, आणि ते बरोबर आहे.

अमेरिकेतल्या प्युरिझम कंपनीच्या लिब्रेम ५ या फोनला बाहेरच्या कडेला तीन खटके आहेत: कॅमेरा व माइक मिळून एक, वायफाय व ब्लूटूथचा एक, मॉडेमचा एक. तिन्ही एकदम बंद केले तर जीपीएस आणि हालचाल मोजणारे सेन्सरही बंद पडतात. हालचालीचे सेन्सर बंद करायचे कशाला, असे वाटेल. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले होते की फोन फिरवला की पडदा आडवा करायला मदत करणारा जायरोस्कोप आवाजाच्या कंपनांनीही किंचित हलतो आणि त्यातून बोलण्याचा काही भाग ओळखता येतो. आणि त्या सेन्सरसाठी ॲपला परवानगीही मागावी लागत नव्हती.

मग सॅमसंग, शाओमी, विवो हे का देत नाहीत? थोडे तांत्रिक कारण खरे आहे. पाइनफोन आणि लिब्रेममध्ये मॉडेम हा वेगळा सुटा भाग आहे, त्याची वीज स्वतंत्रपणे तोडता येते. आपल्या खिशातल्या बहुतेक फोनमध्ये मॉडेम मुख्य प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर असतो. त्याला वेगळे तोडणे म्हणजे घरातल्या एका भिंतीपुरता पाया काढण्यासारखे आहे. शिवाय प्रत्येक खटक्यासाठी फोनला एक फट पाडावी लागते, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून कंपन्या फटी बुजवत चालल्या आहेत. मॉडेमपुरते हे मान्य. माइकला मात्र ही सबब लागू होत नाही. फोनमधला माइक हा काही मिलिमीटरचा सुटा तुकडा असतो, एका फोनमध्ये दोन-तीन असतात, आणि त्यांना लागणारी वीज नगण्य असते. त्यांच्या पुरवठ्याच्या तारेवर एक खटका बसवणे हे कोणत्याही डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला सुचेल असे काम आहे. ॲपलने २०१८ पासूनच्या आपल्या लॅपटॉपांत ते केलेही आहे: झाकण मिटले की माइकची जोडणी सर्किटमध्येच तुटते आणि यंत्रावर पूर्ण ताबा असलेल्या सॉफ्टवेअरलाही ती परत जोडता येत नाही. गूगलच्या नेस्ट मिनी या घरगुती स्पीकरलाही माइक बंद करण्याचा सरकता खटका आहे. म्हणजे टेबलावर ठेवायच्या वस्तूला तो मिळतो आणि चोवीस तास अंगाजवळ असणाऱ्या वस्तूला मिळत नाही. हा कंपन्यांचा निर्णय आहे, अडचण नव्हे.

खटक्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मदरबोर्ड या प्रकाशनाने उघड केले की मुस्लिम प्रो हे नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ॲप लोकांची ठिकाणे एक्स-मोड नावाच्या कंपनीला देत होते, आणि एक्स-मोडच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. जगभरात साडेनऊ कोटींहून अधिक वेळा उतरवलेले हे ॲप. बातमी येताच ॲपच्या कंपनीने एक्स-मोडशी संबंध तोडले, आणि जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोड आणि तिच्या नव्या नावाच्या कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घातली. इथे खटका काय करणार होता? किब्ला शोधायचा तर ठिकाण द्यावेच लागते. मालकाने स्वतःच्या हाताने दार उघडले होते, माल मागच्या दाराने गेला. यासाठी कायदा लागतो. आपला २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तो काही प्रमाणात आहे, पण त्याच्या १७व्या कलमात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना पूर्ण सूट देण्याचा अधिकार ठेवला आहे. तसेच टेलिफोन कंपनीच्या बाजूने होणारे टॅपिंग माइकच्या खटक्याने अडत नाही. तिथे मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१९चा निकाल उपयोगी आहे: सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न नसताना दिलेले टॅपिंगचे आदेश न्यायालयाने रद्द केले आणि केलेली रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली.

आणखी एक सांगणे गरजेचे आहे. २०२१ मध्ये "सुल्ली डील्स" आणि जानेवारी २०२२ मध्ये "बुल्ली बाई" या नावांनी मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावासाठी मांडल्यासारखे प्रसिद्ध झाले. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने दुसऱ्या प्रकरणात अटका केल्या. त्यानंतर अनेक घरांत मुलींच्या फोनवर आणि फोटोंवर बंधने आली. ते फोटो कुणाच्या कॅमेऱ्यातून चोरलेले नव्हते, त्या स्त्रियांनी उजळ माथ्याने सार्वजनिक जीवनात वावरताना स्वतः टाकलेले होते. खासगीपणाच्या नावाखाली बहिणी-लेकींच्या हातातून फोन काढून घेणाऱ्यांनी आमच्या या लेखाचा आधार घेऊ नये. खटका ज्याच्या फोनला आहे त्याच्या किंवा तिच्या बोटाखाली असायला हवा, घरातल्या कर्त्याच्या नव्हे.

किल्लारीच्या बाजारात यातला एकही फोन मिळणार नाही. परदेशातून मागवला तरी त्यावर बँकेची आणि यूपीआयची ॲप धड चालतील याचा भरवसा नाही, आणि ज्याचा रोजचा व्यवहार फोनवर आहे त्याला तो परवडणारा नाही. फोन टाकून देणे हा तर पर्यायच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे इथली जमीन हादरली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. देशात पहिला मोबाइल कॉल लागला तो त्यानंतर २२ महिन्यांनी, ३१ जुलै १९९५ रोजी. ज्या गावाने ती पहाट पाहिली आहे त्याला नेटवर्क बंद ठेवा असा सल्ला देणे शहरात बसून सोपे आहे. म्हणून मागणी नेमकी हवी: नेटवर्क चालू, घंटी वाजेल, निरोप येईल, आणि तरीही माइक व कॅमेऱ्याची वीज तुटलेली. अवयव वेगळे, खटके वेगळे.

सरकार फोनच्या यंत्रात हात घालू शकत नाही, असे कुणी म्हणू नये. २०१६ मध्ये केंद्राने नियम केले की १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक फोनला संकटात दाबायचे पॅनिक बटण असावे आणि २०१८ पासून जीपीएस असावे. हेतू स्त्रियांच्या सुरक्षिततेचा होता, आणि तो योग्यच होता. नागरिकाच्या सुरक्षिततेसाठी फोनमध्ये काय असावे हे सरकार ठरवू शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. पण या अधिकाराचा रोख हल्ली उलटा वळतो आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना निर्देश दिले की संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच बसवावे आणि त्याची कामे बंद करता येऊ नयेत. देशभर ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. त्याच आठवड्यात रॉयटर्सने बातमी दिली की फोनचे उपग्रहाधारित ठिकाण कायम चालू राहावे, वापरणाऱ्याला ते बंद करता येऊ नये, असा मोबाइल सेवा कंपन्यांचा प्रस्ताव सरकारपुढे आहे. एकीकडे बंद न होणारी ॲप, दुसरीकडे बंद न होणारे ठिकाण. चर्चा फक्त सॉफ्टवेअरच्या बटणांची राहिली तर ती बटणे एका परिपत्रकाने गायब होऊ शकतात.

आमची मागणी लहान आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या स्मार्टफोनमध्ये सगळ्या माइकचा वीजपुरवठा हाताने तोडणारा एक खटका असावा. दुसरा दोन्ही कॅमेऱ्यांसाठी असावा. खटका नेमकी कोणती तार तोडतो हे कंपनीने खोक्यावर लिहावे आणि सर्किटचा तेवढा भाग खुला करावा, म्हणजे लातूर-नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी मल्टिमीटर लावून तो खरा आहे की खोटा ते तपासू शकेल. हे विधिमंडळात होणारे काम नाही, विषय केंद्राचा आहे. आपल्या खासदारांना लिहिताना २०१६च्या पॅनिक बटणाच्या नियमांचा उल्लेख जरूर करावा.

तोवर पिशवी चालू ठेवा, थोडी शहाणपणाने. स्टीलचा डबा नेटवर्क कमी करतो, पण आत माइक चालूच असतो, आणि रेकॉर्ड झालेले बोलणे डबा उघडल्यावर जाऊ शकते. त्यामुळे डबा बैठकीच्या खोलीत ठेवून उपयोग नाही. सायलेंट करण्याचाही नाही. वीस जणांचे फोन एकाच वेळी, एकाच टॉवरखाली बंद होणे ही स्वतःच एक नोंद आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून फोन बंद करू नका. चालू फोन दार लावलेल्या दुसऱ्या खोलीत ठेवा, किंवा ज्यांना जमेल त्यांनी घरीच ठेवून या. आणि अँड्रॉइडमधली कॅमेरा-माइकची दोन बटणे एरवीही बंद ठेवायची सवय लावा. पेगॅससला ती अडवणार नाहीत, टॉर्चच्या ॲपला मात्र अडवतील.